पटकी : वऱ्हाडातील साथी व जंतूंची उग्रता

पटकी (कॉलरा) हा व्हिब्रिओ कॉलरी या स्वल्पविरामाच्या आकाराच्या सूक्ष्मजंतूमुळे लघ्वांत्रात (लहान आतड्यात) उद्‌भवणारा तीव्र संसर्गजन्य रोग होय. दूषित पाण्यावाटे अथवा अन्नावाटे जंतू पोटात गेल्यावर काही तासांपासून पाच दिवसांपर्यंतच्या अवधीत भाताच्या पेजेसारखे पातळ जुलाब व वांत्या सुरू होतात. तीव्र विकारात ताशी एक लिटरपर्यंत द्रव शरीराबाहेर टाकला जातो. डोळे खोल जातात, आवाज बसतो, पायांत गोळे येतात, नाडी हाताला लागेनाशी होते आणि उपचार न मिळाल्यास अशा रोग्यांपैकी निम्मे वा त्याहूनही अधिक दगावतात. याउलट संसर्ग झालेल्यांपैकी बहुसंख्य लोकांना साधे जुलाब होतात किंवा काहीच होत नाही. एकाच विहिरीचे पाणी पिणाऱ्यांपैकी एक जण सकाळी आजारी पडून संध्याकाळपर्यंत मरतो आणि त्याचा शेजारी धडधाकट राहतो, या कोड्याचा उलगडा करण्यात वैद्यकाची सुमारे दीडशे वर्षे गेली. यवतमाळ जिल्हा व त्याच्या भोवतालचा वऱ्हाड प्रदेश यांचा पटकीशी आलेला संबंध आणि जंतूच्या उग्रतेविषयी (रोग निर्माण करण्याच्या क्षमतेविषयी) क्रमाने झालेले ज्ञान यांचा इतिहास येथे दिला आहे.

नावे व जुने उल्लेख : सुश्रुतसंहितेत ‘विसूचिका’ या नावाने वर्णिलेला विकार पटकीशी जुळता आहे, तथापि तो साथीच्या रूपाने येणारा आजचाच रोग होता की अजीर्णजन्य जुलाब-वांत्यांचा प्रकार होता, याबद्दल मतभेद आहेत. मराठीत पटकी, महामारी, वाखा, जरीमरी, मोडशी अशी अनेक नावे रूढ होती. त्यांपैकी मोडशी या शब्दाचा प्रवास लक्षणीय आहे. गोव्यात १५४३ मध्ये उद्‌भवलेल्या भयंकर साथीचे वर्णन पोर्तुगीज इतिहासकार गास्पार कोरैया यांनी केले असून तेथील लोक या रोगाला जे नाव देत, ते मोडशीचेच पोर्तुगीज कानांनी ऐकलेले रूप होय. गोव्यातील वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ मध्ये तेथेच छापलेल्या आपल्या ग्रंथातही या विकाराची चर्चा केली आहे. पुढे फ्रेंचांनी या शब्दाचा ‘मोर द शियँ’ (कुत्र्याचे मरण) असा अपभ्रंश केला आणि कित्येक यूरोपीय लेखकांनी तोच मूळ शब्द समजून त्यावर व्युत्पत्ती रचल्या. साध्या मराठी-कोकणी शब्दाचे असे विद्रूप परदेशी रूप कोशांत स्थिरावल्याचे उदाहरण विरळाच.

वऱ्हाडात व नागपूर भागात हा रोग मरीमायच्या, इतर महाराष्ट्रात मरीआईच्या कोपाने होतो अशी समजूत होती. साथ आली की देवीचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेपर्यंत ओढून नेत आणि तेथे सोडून देत; पुढच्या गावाने तो आपल्या शिवेपलीकडे न्यावा, अशी अपेक्षा असे. रोग एका गावाहून दुसऱ्या गावी माणसांबरोबर ‘जातो’, हे निरीक्षण या प्रथेत होते, एवढे मान्य केले पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील कित्येक सरकारी वैद्यांनी तेही नाकारले होते.

पहिली जागतिक साथ : ऑगस्ट १८१७ मध्ये बंगालमधील जेसोर येथे पटकीचा मोठा उद्रेक झाला. नोव्हेंबरात बुंदेलखंडात पेंढाऱ्यांविरुद्ध निघालेल्या हेस्टिंग्जच्या सैन्यात शिरून तिने थोड्याच दिवसांत हजारो सैनिक व बाजारबुणगे मारले. या वेळी मध्य भारतात व दख्खनमध्ये सर्वत्र फौजांची हालचाल चालू होती. दुसरा बाजीराव चांद्याकडे जाण्याच्या बेतात असता १७ एप्रिल १८१८ रोजी आजच्या यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याजवळ कर्नल ॲडम्सच्या फौजेने त्याचा पराभव केला; त्यानंतर मे महिन्यात वर्धा नदीपलीकडील चांद्याचा किल्ला पडला. त्याच उन्हाळ्यात पटकी नागपूर भागात पोचली, तेथून ती औरंगाबाद, अहमदनगर, पुणे या मार्गाने पसरत गेली आणि ऑगस्ट १८१८ मध्ये मुंबईत दाखल झाली. पेशवाईचा शेवट आणि पटकीचे आगमन या दोन घटना मराठी मुलखाने एकाच वर्षी पाहिल्या. पराभवाच्या कथा बखरींत व कागदपत्रांत सविस्तर आल्या आहेत. साथीत मेलेल्या रयतेच्या वाट्याला मात्र फारच थोडी शाई आली.

जिल्ह्याची रचना व पाणी : निजामाकडून १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर काही वर्षांनी त्याच्या आग्नेय भागाचा वेगळा जिल्हा करण्यात आला. तो वणी (वून) जिल्हा म्हणून ओळखला जाई. त्याचे मुख्य ठिकाण मात्र यवतमाळ हेच होते. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडण्यात आला आणि १९०५ च्या पुनर्रचनेत या जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. उत्तरेस व पूर्वेस वर्धा आणि दक्षिणेस पैनगंगा या नद्यांनी वेढलेल्या या प्रदेशाचा मोठा भाग काळ्या पाषाणाचा, उंचसखल व जंगलमय आहे. अडाण, अरुणावती, बेंबळा यांसारख्या नद्या पावसाळ्यात दुथडी वाहतात व उन्हाळ्यात त्यांचे डोह तेवढे उरतात. खडकात खोदलेल्या विहिरी वैशाखापर्यंत तळ गाठतात. मग नदीच्या वा नाल्याच्या वाळूत झिरे खणून वाटीवाटीने पाणी भरण्याची वेळ येते. तेच पाणी माणसे पितात, तेथेच गुरे उतरतात व धुणीही तेथेच होतात. मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की गावाभोवतीची सर्व घाण वाहून याच खोलगट जागांत व कठडा नसलेल्या विहिरींत येते. पटकीच्या साथी भर उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडाशी का येत, याचे उत्तर या दोन ऋतूंच्या सांध्यात आहे. नाल्याच्या पाण्यावर अवलंबून राहणाऱ्या कोलामांच्या पोडांना व गोंड वस्त्यांना हा धोका गावठाणापेक्षाही अधिक होता.

यात्रांनी या धोक्यात भर घातली. पचमढीच्या महादेवाच्या यात्रेस नागपूर व वऱ्हाड भागांतून हजारो लोक पायी जात. १८६५ मध्ये तेथे पटकी उद्‌भवली, घाबरलेले यात्रेकरू आपापल्या गावी परतले व त्यांच्याबरोबर रोगही गेला. त्यानंतर काही वर्षे ती यात्रा बंद ठेवण्यात आली. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग बडनेऱ्यावरून नागपूरला पोचला. पायी चालणाऱ्या यात्रेकरूपैकी बरेच जण वाटेतच आजारी पडत व तेथेच मरत. आगगाडीने जाणारा मनुष्य रोगाच्या परिपाक काळातच (संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळात) शेकडो किलोमीटर दूर असलेल्या आपल्या गावी पोचू लागला.

पाण्याचा वाद : लंडनमधील ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी हेच साथीचे कारण असल्याचे जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये दाखवले होते. त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये फीलिप्पो पाचीनी यांनी मृतांच्या आतड्यांत हे जंतू पाहिले. पण त्यांच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. हिंदुस्थानात या मतांना अधिकृत मान्यता मिळणे आणखीच कठीण गेले. मध्य प्रांत व वऱ्हाडातील १८६८ च्या साथीवर आरोग्य आयुक्त एस. सी. टाउनसेंड यांनी स्वतंत्र अहवाल लिहिला असून साथीचा माग घेण्याचा तो परिश्रमपूर्वक केलेला प्रयत्न आहे. परंतु हिंदुस्थान सरकारचे आरोग्य आयुक्त जे. एम. कनिंगहॅम यांनी रोग माणसांमार्फत व पाण्यामार्फत पसरतो हे मत स्वीकारण्यास नकार दिला. हवा, जमीन व ऋतुमान यांच्या विशिष्ट संयोगाने तो आपोआप उद्‌भवतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. १८६६ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने पटकीचा उगम हिंदुस्थानात असून ती मानवी दळणवळणाने पसरते, असा निष्कर्ष काढला होता. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर हा निष्कर्ष मान्य करणे म्हणजे हिंदी बंदरांतून निघणाऱ्या प्रत्येक जहाजावर विलग्नवास (क्वारंटीन) ओढवून घेणे होते. व्यापाराच्या सोयीसाठी शास्त्रीय पुराव्याकडे पाठ फिरवल्याचे हे ठळक उदाहरण असून त्याची किंमत विहिरीचे पाणी पिणाऱ्या खेड्यांनी मोजली. कनिंगहॅम यांनी आपले मत मांडणारे पुस्तक १८८४ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात रोग्यांच्या मलातून व तेथील एका तलावाच्या पाण्यातून हा जंतू वेगळा करून दाखवला.

जंतू सापडला तरी प्रश्न संपला नाही. कॉख यांचे विरोधक जंतूंचे संवर्धन पिऊन दाखवीत. म्यूनिकचे माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८९२ मध्ये असा पेला प्याला आणि त्यांना किरकोळ जुलाबांपलीकडे काही झाले नाही. यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. पण जंतू पोटात गेला म्हणजे पटकी झालीच असे नाही, ही वस्तुस्थिती मात्र त्यातून पुढे आली.

दुष्काळ : १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाडची घडी विस्कटली. विशेषतः दुसऱ्या दुष्काळात पाण्याचे साठे आटले, लोक कामासाठी व धान्यासाठी गाव सोडून निघाले, मदतकार्याच्या छावण्यांत हजारो माणसे एकत्र आली आणि १९०० मध्ये पटकीने देशभर अपरिमित हानी केली. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे २९ लाख होती, ती १९०१ मध्ये सुमारे २७.५ लाखांवर आली. यात पटकीचा वाटा नेमका किती, हे सांगणे अवघड आहे. मृत्यूची नोंद गावच्या पाटलाने व कोतवालाने सांगितलेल्या कारणावर आधारलेली असे आणि उपाशी माणसाचे जुलाब व पटकीचे जुलाब यांतील फरक त्यांना कळणे शक्य नव्हते.

या काळापासून विहिरींत पोटॅशियम परमँगॅनेट टाकण्याचा उपाय रूढ झाला. तो प्रचारात आणणारे आग्र्याचे रसायनशास्त्रज्ञ अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ मध्ये गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू थोड्या वेळातच मरतात, असे नमूद केले होते. हे जंतुभक्षी विषाणूंमुळे (सूक्ष्मजंतूंना ग्रासणाऱ्या व्हायरसांमुळे) होत असावे, असे नंतर मानले गेले. याच गटातील दुसऱ्या एका विषाणूने पटकीच्या जंतूला घातक बनवले आहे, हे कळण्यास त्यानंतर शंभर वर्षे लागली. पटकीची लस व्हाल्डेमार हाफकिन यांनी १८९२ मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी हिंदुस्थानात येऊन तिचे प्रयोग सुरू केले. त्यांनी मुंबईत स्थापिलेल्या प्लेगविषयक प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. यात्रांमध्ये सक्तीने टोचण्याची ही लस काही महिनेच व अपुरे संरक्षण देई. जागतिक आरोग्य संघटनेने १९७३ मध्ये प्रवाशांवरील पटकीच्या लशीची सक्ती रद्द केली.

विषाचा शोध : जंतू रक्तात शिरत नाही, आतड्याची श्लेष्मकला (आतील नाजूक अस्तर) जवळजवळ शाबूत राहते, तरी माणूस मरतो, हे कसे? कॉख यांनी विषाची कल्पना मांडली होती. पण ती सिद्ध करण्यास योग्य असा प्रायोगिक प्राणी कोणालाच मिळत नव्हता. ही अडचण दूर होण्याचे श्रेय दोन भारतीय प्रयोगशाळांकडे जाते. मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये एन. के. दत्त व एम. के. हब्बू यांनी १९५५ मध्ये सशाच्या अगदी लहान पिलांत हुबेहूब पटकी निर्माण करून दाखवली. कलकत्त्यात शंभुनाथ दे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही टोकांना बांधून त्यात जंतू सोडण्याची पद्धत १९५३ मध्ये वापरली होती. १९५९ मध्ये दे यांनी जंतुविरहित निस्यंदाने (गाळून घेतलेल्या द्रवाने) आतड्यात पाणी साचते हे दाखवले. त्याच वर्षी मुंबईत दत्त, एम. व्ही. पानसे व डी. आर. कुलकर्णी यांनी जंतूंपासून काढलेला, जिवंत जंतू नसलेला अर्क पिलांना देऊन रोग उत्पन्न केला. रोगाचे कारण जंतूचे आंत्रविष (आतड्यावर परिणाम करणारे विष) आहे, हे अशा रीतीने एकाच वर्षी देशाच्या दोन टोकांना स्वतंत्रपणे सिद्ध झाले. दे यांच्या कार्याची दखल जगाने उशिरा का होईना घेतली. मुंबईच्या कार्याचा उल्लेख मात्र मराठी वाचकांच्या पाठ्यपुस्तकांतही क्वचितच आढळतो.

आर. ए. फिंकेलस्टीन व जे. जे. लोस्पालूटो यांनी १९६९ मध्ये हे विष शुद्ध स्वरूपात मिळवले. ते दोन प्रकारच्या प्रथिनांचे बनलेले असते. ‘बी’ प्रकारची पाच एकके आतड्याच्या कोशिकेला (पेशीला) चिकटतात आणि ‘ए’ प्रकारचे एक एकक आत शिरते. आत गेल्यावर ते कोशिकेतील एक नियामक यंत्रणा कायमची ‘चालू’ अवस्थेत अडकवून ठेवते. परिणामी क्लोराइडे बाहेर टाकली जातात व त्यांच्यामागोमाग सोडियम व पाणी वाहू लागते. मात्र ग्लुकोजाच्या जोडीने सोडियम शोषून घेण्याचा कोशिकेचा दुसरा मार्ग या विषाने बंद होत नाही. साखर व मीठ घातलेले पाणी तोंडाने देऊन पटकीचा रोगी वाचवता येतो, याचे हे कारण. १९७१ मध्ये बांगला देशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपल्यावर हा उपाय मोठ्या प्रमाणावर योजला आणि तेथील मृत्युप्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. महाराष्ट्रात हे द्रावण जलसंजीवनी या नावाने घरोघर माहीत झाले. वेळेवर उपचार झाल्यास पटकीने मरणाऱ्यांचे प्रमाण एक टक्क्याहून कमी असते.

एल टॉर : सिनाई द्वीपकल्पातील एल टॉर येथील विलग्नवास ठाण्यात १९०५ मध्ये मक्केहून परतलेल्या यात्रेकरूंच्या मृतदेहांत पटकीसारखा जंतू सापडला; पण त्यांना पटकीची लक्षणे झालेली नव्हती. म्हणून या प्रकाराला बराच काळ निरुपद्रवी मानण्यात येई. १९६१ मध्ये इंडोनेशियातील सेलेबीझ (सूलावेसी) बेटावरून याच प्रकारची सातवी जागतिक साथ निघाली व १९६४ मध्ये ती भारतात शिरली. थोड्याच वर्षांत तिने येथील जुना, ‘अभिजात’ म्हटला जाणारा प्रकार बहुतांशी हुसकून लावला. अभिजात जंतूच्या संसर्गात साधारणतः दहांत एकाला तीव्र पटकी होई; एल टॉरच्या संसर्गात हे प्रमाण पन्नासांत एक इतके खाली आले. पण सौम्य रोगी हिंडताफिरता राहतो व जंतू अधिक दूर नेतो. एल टॉर पाण्यातही अधिक काळ तग धरतो. रोग सौम्य झाला म्हणून साथ आटोक्यात आली, असा समज अनेकांनी करून घेतला आणि तो चुकीचा ठरला.

उग्रतेची जीने : एकाच जातीच्या जंतूंत असा फरक का, याचे उत्तर जीनांत (आनुवंशिक गुण वाहणाऱ्या घटकांत) मिळाले. जगातील नद्या, खाड्या व तलाव यांत व्हिब्रिओ कॉलरीचे असंख्य प्रकार राहतात व त्यांपैकी बहुतेक माणसाला पटकी देऊ शकत नाहीत. घातक प्रकारांत मुख्यत्वे दोन गोष्टी जास्त असतात. पहिली म्हणजे आतड्याला धरून वसाहत करण्यास उपयोगी पडणारे सूक्ष्म केसांसारखे तंतू. यांची जीने १९८७ मध्ये ओळखली गेली. दुसरी म्हणजे सीटीएक्सए व सीटीएक्सबी ही विषाच्या दोन भागांची जीने. १९९६ मध्ये मॅथ्यू वॉल्डॉर व जॉन मेकॅलॅनोस यांनी दाखवले, की ही विषजीने मुळात जंतूची नव्हेतच; ती एका तंतुरूप जंतुभक्षी विषाणूची असून तो जंतूच्या गुणसूत्रात कायमचा वास्तव्य करतो. हा विषाणू ज्या दाराने जंतूत शिरतो, ते दार म्हणजे वर उल्लेखिलेले आतड्याला धरणारे तंतूच होत. म्हणजे आतड्यात वसण्याची सोय ज्या जंतूने आधी मिळवली, त्यालाच विष मिळू शकते. एका नियामक प्रथिनसाखळीमुळे ही दोन्ही जीने एकत्र कार्य करतात. पाण्यात ती बव्हंशी निष्क्रिय असतात व माणसाच्या आतड्यात जागी होतात. २००० मध्ये या जंतूचा संपूर्ण जीनसंच वाचण्यात आला. त्यात दोन गुणसूत्रे व सुमारे ४० लाख क्षारक-जोड्या आढळल्या.

अभिजात व एल टॉर यांच्या विषाच्या ‘बी’ भागात केवळ दोन ॲमिनो अम्लांचा फरक असतो. १९९२ च्या अखेरीस मद्रासमध्ये ओ१३९ हा नवाच प्रकार उद्‌भवला. तो एल टॉरपासून निघालेला होता. पण बाह्य आवरणाची जीने बदलल्यामुळे आधीची रोगप्रतिकारक्षमता त्याच्याविरुद्ध उपयोगी पडेना व प्रौढ माणसे मोठ्या संख्येने आजारी पडली. पुढील दशकात ध्यानात आले, की अनेक ठिकाणच्या एल टॉर जंतूंत अभिजात प्रकाराचे विषजीन आले आहे. बांगला देशातील रुग्णालयांत अशा मिश्र जंतूच्या रोग्यांचे निर्जलीभवन जुन्या अभिजात पटकीइतके तीव्र आढळले. महाराष्ट्रातही याचा पुरावा मिळाला. सोलापूर येथील साथीतून वेगळ्या केलेल्या, अनेक औषधांना न जुमानणाऱ्या एल टॉर जंतूंत अभिजात विषजीन असल्याचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. विदर्भापुरते पाहता सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने १९९० ते २००५ या सोळा वर्षांतील जंतूंच्या बदलत्या प्रकारांची नोंद ठेवली. या रुग्णालयात वर्ध्याखेरीज यवतमाळ व चंद्रपूर भागांतूनही रोगी येतात. त्यामुळे वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवर कोणते जंतू फिरत होते, हे कळण्यास अशा संचिताचा उपयोग होतो. जिल्ह्याजिल्ह्यांत अशी सलग नोंद ठेवली गेली असती, तर या विषयाचा इतिहास आज बराच वेगळा लिहिता आला असता.

जठर व यजमान : जीनांवर सर्व भार टाकणे मात्र युक्त नाही. निरोगी जठरातील अम्ल बहुतेक जंतू मारून टाकते. स्वयंसेवकांवरील प्रयोगांत रोग होण्यास कोट्यवधी जंतू द्यावे लागले, तर अम्ल क्षीण केल्यावर त्याहून फारच थोडे पुरले. उपासमारीत, कुपोषणात व काही जठरविकारांत हे अम्ल कमी होते. पेटेनकोफर यांचे वाचणे व दुष्काळातील छावण्यांचे मरण यांची एकत्र संगती येथे लागते. रक्तगट ‘ओ’ असणाऱ्यांना पटकी झाल्यास ती अधिक तीव्र होते, असेही आढळले आहे.

जठराच्या दुसऱ्या एका जंतूची कथा याला पूरक आहे. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा जठरशोथ व जठर-आद्यांत्रातील व्रण यांच्याशी असलेला संबंध शोधला व त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या जंतूतही कॅग-ए व व्हॅक-ए ही उग्रतेची जीने असून पाश्चात्त्य देशांत कॅग-ए असलेले जंतू व्रणाशी व कर्करोगाशी निगडित दिसतात. भारतात मात्र कलकत्त्यातील २००० च्या अभ्यासात ही जीने व्रण असलेल्या व नसलेल्या दोन्ही गटांतील बहुसंख्य जंतूंत आढळली. त्यामुळे केवळ जीन पाहून रोगाची तीव्रता वर्तविणे येथे शक्य झाले नाही. दोन जंतूंचा एकमेकांशी संबंधही आहे. हेलिकोबॅक्टरमुळे दीर्घकाळात जठराचे अम्ल घटू शकते व आधीची रोगप्रतिकारक्षमता नसलेल्यांत अशा संसर्गाबरोबर जीवघेण्या पटकीचा धोका वाढतो, असा निष्कर्ष बांगला देशातील एका पाहणीतून १९९५ मध्ये काढण्यात आला.

अलीकडील स्थिती : स्वातंत्र्योत्तर काळात नळयोजना, विंधणविहिरी, विरंजक चूर्णाचा (ब्लीचिंग पावडरचा) वापर व जलसंजीवनी यांमुळे विदर्भातील पटकीच्या मृत्यूंत मोठी घट झाली. तरी साथी थांबल्या नाहीत. जुलै २०२२ मध्ये वऱ्हाडातीलच अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा तालुक्यात पाच डोंगरी व कोयलारी या मेळघाटातील गावांत उघड्या विहिरीच्या दूषित पाण्यामुळे पटकी पसरली, शेकडो लोक आजारी पडले व पाच मृत्यू नोंदले गेले. नळाचे पाणी येत नव्हते म्हणून लोक त्या विहिरीवर गेले होते. साथीच्या बातमीनंतर तेथे वैद्यकीय पथके पोचली, विहिरीचे पाणी बंद करण्यात आले आणि टँकरने पाणीपुरवठा सुरू झाला.